कोणाचेच नसलेले मांजर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा मालाचे एक जुने दुकान आहे. दुकानाच्या फळीखाली रिकामी पोती रचून ठेवलेली असतात. त्या पोत्यांवर तीन-चार वर्षे एका करड्या मांजरीचा मुक्काम होता. तिला कोणी पाळले नव्हते. दुकानदार तिला हाकलून देत नसे, एवढाच काय तो तिला आधार. सकाळी शाळेला जाणारी मुले तिच्यापाशी क्षणभर थांबत. कोणी डब्यातला पोळीचा तुकडा तिच्यापुढे टाकी, कोणी नुसताच तिच्या पाठीवरून हात फिरवी. ती डोळे किलकिले करून पाही आणि पुन्हा अंगाचे वेटोळे करून निजे. प्रत्येक मुलाने आपापल्या मनाने तिला नाव ठेवले होते. कोणाची ती मनी होती, कोणाची चिंगी, तर कोणाची नुसतीच माऊ.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी सकाळी ती रस्त्याच्या कडेला मरून पडलेली आढळली. रात्री एखाद्या वाहनाखाली सापडली असावी. सहावीत शिकणारी एक मुलगी तिच्याजवळ उभी राहून हुंदके देत होती. पावसाची भुरभुर चालू होती, पाठीवरचे दप्तर भिजत होते, शाळेची वेळ होत आली होती. पण तिचा पाय तेथून निघत नव्हता. इतक्यात एक वयस्क गृहस्थ त्या बाजूने आले. ते थांबले आणि समजुतीच्या स्वरात म्हणाले, “अगं, रस्त्यावरची मांजर ती! कोणाची ना कोणाची. तिच्यासाठी एवढं रडतात का? चल, शाळेला उशीर होईल.”

ती मुलगी डोळे पुसत म्हणाली, “पण काका, ती मला रोज भेटायची.”

गृहस्थ किंचित हसले आणि आपल्या वाटेने निघून गेले. मीही तेथेच उभा होतो. त्या मुलीच्या बाजूने दोन शब्द बोलावेत, असे मला फार वाटले; परंतु मी बोललो नाही. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. मुलीचे दुःख हलके व्हावे, असेच त्यांना वाटत असणार. तरीही त्यांचा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. जे मांजर कोणाचेच नाही, त्याच्यासाठी रडावे की नाही? माझ्या मते अवश्य रडावे. आणि नुसते रडून थांबू नये. असे मला का वाटते, ते आज सांगतो. त्या दिवशी जे बोलायचे राहून गेले, ते बोलून टाकण्याचा हा एक प्रयत्न आहे.

आपली छत्री हरवली, तर आपल्याला वाईट वाटते. ते वाईट वाटणे मालकीमुळे असते. छत्री आपली होती, म्हणून आपण हळहळतो. शेजाऱ्याची छत्री हरवली, तर आपल्याला तितके वाटत नाही. नवी छत्री आणली की जुनीचा विसरही पडतो. परंतु सजीवांशी आपले नाते जडते, ते असे मालकीने जडत नाही. रोज पत्रे आणून देणारा पोस्टमन दुसऱ्या गावी बदलून गेला, तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. रस्त्यावरचे जुने पिंपळाचे झाड वादळात उन्मळून पडले, तर सारी गल्ली हळहळते. पोस्टमन काही आपल्या मालकीचा नव्हता आणि झाडही आपल्या नावावर नव्हते. त्यांची आपल्याला ओळख होती, सवय होती. त्यांच्यामुळे आपला दिवस पुरा होत असे. “ती मला रोज भेटायची,” असे ती मुलगी म्हणाली, त्याचा अर्थ हाच. ज्याची ओळख झाली, त्याच्या जाण्याने दुःख होणे हे मनाच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे. ते मन जागे असल्याचे लक्षण आहे.

हा एका लहान मुलीचा हळवेपणा झाला, मोठ्या माणसांना असे वाटत नाही, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी तुर्कस्तानातील इस्तंबूल शहराची एक हकीकत सांगतो. त्या शहरात मांजरांची वस्ती मोठी आहे. तेथील मांजरे बहुधा एका घरची नसतात, साऱ्या मोहल्ल्याची असतात. दुकानांच्या दाराशी त्यांच्यासाठी पाणी आणि खाणे ठेवलेले असते. त्या शहराच्या एका भागात तोंबिली नावाचे एक गलेलठ्ठ मांजर राहत असे. रस्त्याकडेच्या पायरीवर पुढचा एक पाय टेकून, एखादा शेटजी लोडाला टेकून बसावा तसे ते ऐटीत बसे. त्याचे तसे छायाचित्र जगभर गाजले. २०१६ सालच्या ऑगस्ट महिन्यात ते मांजर मरण पावले. तेव्हा हजारो लोकांनी सह्या करून नगरपालिकेकडे त्याच्या स्मारकाची मागणी केली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी, म्हणजे जागतिक प्राणी दिनी, तोंबिली जेथे बसत असे त्याच जागी, तशाच ऐटीत बसलेला त्याचा ब्राँझचा लहानसा पुतळा उभा राहिला. पुढच्याच महिन्यात तो पुतळा चोरीस गेला. लोक संतापले, बोभाटा झाला आणि पुतळा परत आणून ठेवण्यात आला. ज्यांनी सह्या केल्या, ती सगळी काही लहान मुले नव्हती. आणि तोंबिली त्यांच्यापैकी कोणाच्या एकट्याच्या मालकीचे नव्हते. आपल्या रस्त्यावरची एक ओळखीची जागा रिकामी झाली, याचे त्या सर्वांना दुःख झाले.

आता थोडे इतिहासाकडे वळू. रस्त्यावरचे मांजर म्हणजे आपल्या वस्तीत शिरलेला कोणी उपरा प्राणी, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. हजारो वर्षांपूर्वी माणूस पश्चिम आशियात शेती करू लागला आणि धान्य साठवू लागला. धान्याच्या मागे उंदीर आले आणि उंदरांच्या मागे तेथील रानमांजरे आली. माणसाचे धान्य वाचले, मांजराचे पोट भरले. अशी ही सोबत सुरू झाली. भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचे बेट आहे. तेथे पुरातत्त्वज्ञांना सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले; त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. एका माणसाच्या सांगाड्यापासून अवघ्या ४० सेंटीमीटरांवर एका मांजराचा सांगाडा नीट पुरलेला आढळला. त्या बेटावर मुळात रानमांजरे नव्हती. म्हणजे माणसांनीच त्यांना होडीत घालून समुद्रापलीकडे नेले होते. पुढे प्राचीन इजिप्तमध्ये मांजराला मोठा मान मिळाला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे, की तेथे घरातले मांजर मेले, तर घरातील सर्व माणसे शोक म्हणून आपल्या भुवया काढून टाकीत.

भुवया काढाव्यात, असे मी म्हणत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की मांजर आपल्या दारात आपसूक आलेले नाही. आपल्या कोठारांनी त्याला बोलावले, आपल्या होड्यांनी त्याला देशोदेशी नेले, आपल्या घरांनी त्याला ठेवून घेतले. आजही रस्त्यावर हिंडणाऱ्या कित्येक मांजरांचे पूर्वज कोणाच्या तरी घरात वाढलेले असतात. घर बदलताना कोणी मांजर मागे सोडून जातो. घरातल्या मांजरीला पिल्ले झाली, की कोणी ती पिशवीत घालून बाजारात सोडून येतो. जे आपणच रस्त्यावर आणले, ते ‘कोणाचेच नाही’ असे म्हणणे हा हात झटकण्याचा प्रकार झाला. ते एकट्या कोणाचे नाही, हे खरे. म्हणूनच ते आपणा सर्वांचे आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा, की जगात माणसांची दुःखे काय थोडी आहेत, म्हणून मांजरांचे दुःख करीत बसावे? हा आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यात एक चूक आहे. दया म्हणजे डब्यातले तेल नव्हे, की एकाच्या दिव्यात घातले तर दुसऱ्यासाठी उरणार नाही. मांजरापुढे वाटीभर पाणी ठेवल्याने कोणत्याही तहानलेल्या माणसाचे पाणी कमी होत नाही. ज्याची नजर कोपऱ्यात पडलेल्या मुक्या जिवापर्यंत पोहोचते, त्याला वर्गात एकटा बसणारा मुलगाही दिसण्याचा संभव अधिक. मात्र याची उलट बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. मांजरांना प्रेमाने खाऊ घालणारा मनुष्य घरकाम करणाऱ्या बाईवर ओरडत असेल, तर त्याच्या मनात दया आहे असे म्हणता येणार नाही. त्याला फक्त मांजरांची हौस आहे. हौस आपल्या आवडीपुरती चालते. दया आवडीनिवडी पाहत नाही.

दुसरा आक्षेप मांजर अपशकुनी असल्याचा. मांजर आडवे गेले की काम होत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. या आक्षेपाला फार उत्तर देण्याची गरज नाही. मांजर आपल्या भक्ष्यामागे किंवा आपल्या पिल्लांकडे चाललेले असते. त्याच्या वाटेत आपण आडवे येतो, असे मांजराला वाटत असल्यास नवल नाही! ज्याचा अभ्यास झालेला नाही, त्याचा पेपर अवघड जाण्याला मांजर काय करणार?

तिसरा आक्षेप उपद्रवाचा. आणि तो खरा आहे. मांजरे जिन्यात घाण करतात, रात्री भांडून झोपमोड करतात, उघडे राहिलेले दूध व मासळी पळवतात. चिमण्या, साळुंक्या आणि त्यांची घरट्यातली पिल्ले मारतात. ज्यांना हा त्रास होतो, त्यांना निर्दय म्हणून हिणवणे योग्य नाही. मांजरावर दया करायची, तर पाखरावरही करायला हवी. तेव्हा प्रश्न मांजर आवडते की नाही, एवढ्यापुरता राहत नाही. मांजराचे, पाखरांचे आणि शेजाऱ्यांचे, सर्वांचे हित कशात आहे, ते पाहावे लागते. नुसत्या कोमल मनाने हे साधत नाही. त्याला समजूतही लागते. ही गोष्ट मी लहानपणी मोठी किंमत देऊन शिकलो. पण ती किंमत मला स्वतःला द्यावी लागली नाही, दुसऱ्यांना द्यावी लागली.

तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आम्ही एका जुन्या वाड्यात राहत होतो. वाड्याच्या मागील अंगणात जळणाची लाकडे ठेवण्याची एक खोपी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दुपारी खेळता खेळता मला लाकडांच्या आड तीन पिल्ले दिसली. त्यांचे डोळे नुकतेच उघडले होते. जवळ त्यांची आई नव्हती. मी इकडेतिकडे पाहिले, थोडा वेळ थांबलो. तो वेळ पाव तासाहून अधिक नसावा. पिल्ले पोरकी आहेत, असे मी ठरवून टाकले. बोका येऊन त्यांना मारील, अशी भीतीही मला वाटली. मी ती टोपलीत घालून माडीवर नेली, दार लावून घेतले आणि कापसाची वात गाईच्या दुधात बुडवून त्यांना पाजू लागलो. आपण फार मोठे सत्कृत्य करीत आहोत, असे मला वाटत होते.

आजीने टोपलीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, “अरे, होती तिथं नेऊन ठेव ती. आई शोधत येईल त्यांची.” मला वाटले, आजीला मांजरे आवडत नाहीत, म्हणून ती असे म्हणते. मी ऐकले नाही.

त्या रात्री एक मांजरी वाड्याच्या कौलांवरून ओरडत हिंडत होती. खोपीपासून न्हाणीघरापर्यंत आणि न्हाणीघरापासून पुन्हा खोपीपर्यंत तिचा आवाज फिरत होता. मी तो ऐकला. ही कोणती तरी दुसरीच मांजरी असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लांची पोटे बिघडली. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू गार पडलेले आढळले, संध्याकाळी दुसरे गेले. मी खूप रडलो. आजी मला रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, “राहिलेलं तरी तिचं तिला दे.” मी तिसरे पिल्लू खोपीत नेऊन ठेवले आणि खिडकीत बसून पाहू लागलो. दिवेलागणीच्या सुमारास मांजरी भिंतीवरून उतरली. तिने पिल्लाला हुंगले, मानेला धरून उचलले आणि भिंतीपलीकडे नेले. थोड्याच वेळात ती परत आली. लाकडांच्या फटींतून तोंड घालून ती बराच वेळ काही तरी शोधत राहिली. त्यानंतरही दोन रात्री ती येत होती. ती काय शोधत होती, हे मला ठाऊक होते. आणि जे ती शोधत होती, ते मी परसातल्या पेरूच्या झाडाखाली पुरले होते.

मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझ्या दयेचे दात मात्र त्या पिल्लांना लागले.

पुढे मोठेपणी मी या विषयाची माहिती करून घेतली, तेव्हा माझी चूक मला नीट उमगली. मांजरीचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे आणि कान मिटलेले असतात. डोळे उघडायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. पहिले काही आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही; ती आईच्या कुशीतून मिळते. मलमूत्र विसर्जनसुद्धा त्याला आपले आपण जमत नाही. आई चाटते तेव्हाच ते होते. आईला पोट भरण्यासाठी बाहेर जावेच लागते आणि कित्येकदा काही तास ती पिल्लांपासून दूर असते. जागा सुरक्षित वाटली नाही, तर ती पिल्ले एकेक करून दुसरीकडे हलवते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो ते यामुळेच. अशा वेळी मध्येच एखादे पिल्लू एकटे दिसले, म्हणजे ते पोरके असते असे नाही. गाईचे दूध तर त्यांना मानवतच नाही. त्या दुधातील साखर पचत नाही आणि पोट बिघडते. इवल्याशा जिवाला तेवढे निमित्त पुरते. मोठ्या मांजरांपैकीही अनेकांना दूध बाधते. मांजर आणि दूध यांची जोडी आपण गोष्टींतून ऐकत आलो आहोत; परंतु रस्त्यावरच्या मांजराला दुधाच्या बशीपेक्षा स्वच्छ पाण्याची वाटी अधिक हितकर आहे.

म्हणून मुलांनो, दयेला डोळे असले पाहिजेत, असे मी तुम्हांला सांगू इच्छितो. पिल्ले दिसली, तर ती लगेच उचलू नका. दूर उभे राहून काही तास लक्ष ठेवा. पिल्ले स्वच्छ असतील आणि शांत निजलेली असतील, तर त्यांची आई आसपास आहे असे समजा. ती गारठलेली असतील, जखमी असतील किंवा आई न येता सारखी ओरडत असतील, तरच घरच्या मोठ्या माणसांना घेऊन पशुवैद्याकडे जा. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर ते लपवू नका. ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; कारण रेबीज हा रोग मांजरापासूनही होऊ शकतो आणि त्यावर वेळेवर घेतलेली लस हाच उपाय आहे. पावसाळ्यात व थंडीत मांजरे मोटारीखाली, कधी कधी तिच्या यंत्राच्या उबेलाही जाऊन बसतात. घरी मोटार असेल, तर ती सुरू करण्यापूर्वी पुढच्या झाकणावर दोन थापा मारायला वडिलांना किंवा आईला सांगा. दोन थापांना काही खर्च नाही. परंतु त्यांनी एखाद्याचा जीव वाचतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मोठ्या माणसांनी करण्याची आहे. पण ती तुम्हांलाही कळली पाहिजे. मांजरी सुमारे नऊ आठवड्यांत विते. एका वेळी तिला बहुधा तीन ते पाच पिल्ले होतात आणि वर्षातून दोन-तीन वेळाही ती विऊ शकते. एवढ्या पिल्लांना रस्ता पोसू शकत नाही. बरीचशी पिल्ले उपासमारीने, रोगाने किंवा वाहनाखाली सापडून मरतात. म्हणून ज्यांना मांजरांची खरी कणव आहे, ते केवळ खाणे घालून थांबत नाहीत. ते मांजरांना पशुवैद्याकडे नेऊन त्यांची नसबंदीची शस्त्रक्रिया करवून घेतात आणि पुन्हा त्यांच्या जागी आणून सोडतात. शस्त्रक्रिया झाली हे ओळखू यावे, म्हणून भूल दिलेली असतानाच पुष्कळदा त्यांच्या एका कानाचे टोक थोडेसे कापतात. असा कापलेला कान दिसला, तर कोणी क्रूरपणा केला असे समजू नका. त्या मांजराची कोणीतरी काळजी घेतली आहे, याची ती खूण आहे. याने मांजरांची संख्या आटोक्यात राहते, रात्रीची भांडणे कमी होतात आणि पाखरांचाही धोका घटतो. उपद्रवाच्या आक्षेपाला हेच खरे उत्तर आहे. काठी किंवा विष हे उत्तर नव्हे.

काठी आणि विष ही उत्तरे आपल्या देशाच्या कायद्यालाही मान्य नाहीत. प्रसिद्ध नर्तकी आणि कलाक्षेत्र या संस्थेच्या संस्थापिका रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेच्या सदस्य झाल्या. मुक्या प्राण्यांचा छळ थांबावा, म्हणून त्यांनी संसदेत स्वतः विधेयक मांडले. त्यांच्या कळकळीचा परिणाम असा झाला, की सरकारने या प्रश्नात लक्ष घातले आणि १९६० साली प्राण्यांचा छळ रोखणारा कायदा झाला. त्याखाली १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्याच पहिल्या अध्यक्षा होत्या. पुढे १९७६ साली आपल्या संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. त्यांत सर्व सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही एक कर्तव्य आहे. ही कर्तव्ये तुमच्या पाठ्यपुस्तकात छापलेली असतात. ती एकदा काढून वाचा. पाळलेल्या जिवांपुरतीच दया करावी, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

आपल्या महाराष्ट्राला तर ही शिकवण नवी नाही. संत एकनाथांची कथा तुम्ही ऐकली असेल. काशीहून कावडीने आणलेले गंगेचे पाणी रामेश्वराला वाहायचे, म्हणून ते निघाले होते. वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे एक गाढव त्यांना दिसले आणि ते पाणी त्यांनी त्या गाढवाला पाजले. या कथेतील दोन गोष्टी मला नेहमी विचार करण्यासारख्या वाटतात. ते गाढव कोणाचे, हे नाथांनी विचारले नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी, की गाढवाला तहान लागली होती आणि नाथांनी त्याला पाणीच दिले. त्या वेळी त्याला ज्याची गरज होती, तेच त्यांनी ओळखले. मी पिल्लांना दूध दिले, ते माझ्या मनाचे समाधान व्हावे म्हणून. त्यांना हवी होती ती आई. दया करताना आपल्याला काय द्यावेसे वाटते, यापेक्षा समोरच्याला काय हवे आहे, हे आधी पाहावे लागते.

आता पुन्हा त्या पावसाळी सकाळकडे वळतो. गृहस्थ निघून गेल्यावर दुकानदार बाहेर आला. त्याने एक रिकामे पोते काढले आणि मांजरीला त्यात अलगद गुंडाळले. शेजारच्या मोकळ्या जागेत आम्ही दोघांनी खड्डा खणला. ती मुलगी छत्री धरून उभी राहिली. माती लोटून झाल्यावर तिने हात धुतले आणि ती शाळेत गेली. तिला उशीर झाला आणि शिक्षाही झाली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी फळीखालच्या पोत्यांपाशी पाणी भरलेली एक मातीची परळ ठेवलेली दिसली. ती कोणी ठेवली, हे मी विचारले नाही. आता त्या पोत्यांवर कोणी निजत नाही. परंतु गल्लीतला एक पांढरा बोका, दोन साळुंक्या आणि दुपारच्या वेळी एक कुत्रे त्या परळातले पाणी पितात. सुट्टीच्या दिवसांतसुद्धा ती परळ मला कधी कोरडी दिसलेली नाही.

कोणाचे मांजर, कुत्रे किंवा पाखरू मेले आणि तो रडू लागला, तर त्याला हसू नका. ‘दुसरे आण’ असेही म्हणू नका; गेलेला जीव म्हणजे हरवलेली छत्री नव्हे. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा आणि त्या प्राण्याची आठवण त्याला सांगू द्या. रडण्याने मन हलके होते, यात काही लाजण्यासारखे नाही. मात्र रडून झाले, म्हणजे उठून एक काम करा. पाण्याची वाटी भरा, गाडीच्या झाकणावर थाप मारा, पिल्लांवर दुरून लक्ष ठेवा. गेलेल्यासाठी आपल्याला काही करता येत नाही. जे मागे राहिले आहेत, त्यांच्यासाठी करता येते.

त्या गृहस्थांची माझी पुन्हा भेट झाली, तर मी त्यांना इतकेच म्हणेन: ती मांजर कोणाची नव्हती, असे तुम्ही म्हणालात. पण ती गेली तेव्हा तिच्यासाठी कोणीतरी पावसात उभे राहिले होते.